कांचपेटींतील बाग

बाग म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें विहीर, पाट, आंब्याची राई आणि मोगऱ्याचे ताटवे उभे राहतात. ज्याच्या दारापुढें हातभर अंगण नाहीं त्यानें बागेचें नांव काढूं नये, अशी आपली एक समजूत होऊन बसली आहे. शहरांत दोन खोल्यांत वाढणारीं कित्येक मुलें तर माती म्हणजे जोड्याला लागणारी घाण, एवढीच तिची ओळख घेऊन मोठीं होतात. अशा मुलांसाठीं आणि त्यांच्या वडीलधाऱ्या मंडळींसाठीं खिडकीच्या कठड्यावर मावणाऱ्या एका बागेची हकीकत येथें द्यावयाची आहे. या बागेच्या भिंती कांचेच्या व छप्परही कांचेचेंच. मोठी बांधली म्हणजे हिलाच हरितगृह म्हणतात; आपण घरगुती बेताच्या बागेला कांचपेटी म्हणूं.

अशी पेटी हौसेनें आणणारे लोक पुष्कळ असतात. पहिले पंधरा दिवस ती दिवाणखान्यांत मिरवते, महिन्यानें गॅलरींत जाते आणि तिसऱ्या महिन्यांत रिकामी होऊन पोटमाळ्यावर चढते. कारण विचारलें तर "आमच्या हाताला यश नाहीं" असें उत्तर मिळतें. हें उत्तर मला पटत नाहीं. कांच आपलें काम करील व आपण फळें तोडूं, अशा अपेक्षेनें ती पेटी घेतलेली असते. ती अपेक्षा फोल ठरली कीं मन विटतें. कांचपेटीचें सुख निराळ्या ठिकाणीं आहे. तें कोठें आहे हें कळण्यासाठीं, या पेट्यांचा उगम ज्या एका बाटलींत झाला तिची गोष्ट आधीं सांगितली पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत लंडन शहराच्या पूर्व भागांत, गोद्यांच्या जवळ, वेलक्लोज स्क्वेअर येथें नाथानिएल बॅगशॉ वॉर्ड (१७९१–१८६८) नांवाचे एक डॉक्टर राहत असत. लहानपणीं त्यांना जमैका बेटाचा प्रवास घडला होता, आणि वनस्पतींचा छंद त्यांना जन्मभर लागलेला होता. पण वांट्यास आला तो लंडनचा धूर. गिरण्यांच्या व घरोघरच्या दगडी कोळशानें तेथील हवा काजळून गेलेली असे. वॉर्ड यांनीं घरामागच्या अंगणांत दगड रचले, त्यांवर नेचे व शेवाळ लावलें, आणि वरून पाणी झिरपत राहावें म्हणून छिद्रें पाडलेली नळीही बसविली. धुरापुढें कशाचाच टिकाव लागला नाहीं. एकामागून एक झाड मेलें आणि त्यांनीं तो नाद सोडून दिला.

पुढें १८२९ सालीं त्यांनीं एका पतंगाचा कोश रुंद तोंडाच्या बाटलींत ओलसर मातींत पुरून ठेवला व वर झांकण घातलें. कोशांतून पतंग बाहेर कसा येतो हें त्यांना पाहावयाचें होतें. रोज पाहतां पाहतां त्यांच्या ध्यानीं आलें कीं, दिवसां तापलेल्या मातींतील ओलावा वाफ होऊन वर जातो, कांचेवर थेंब होऊन जमतो आणि पुन्हां मातींतच उतरतो. माती सदा सारखीच ओली राहते. पतंग निघण्याच्या सुमारें आठवडाभर आधीं मातींतून दोन हिरवे कोंब वर आले. एक नेच्याचा होता, दुसरा साध्या गवताचा. ज्या नेच्यासाठीं त्यांनीं अंगणांत एवढी खटपट केली होती, तो कोणी न लावतां बाटलींत उगवला होता!

वॉर्ड यांनीं ती बाटली आपल्या अभ्यासिकेच्या उत्तरेकडील खिडकीबाहेर ठेविली. तेथें ती जवळजवळ चार वर्षें राहिली. या अवधींत गवताला एकदां फुलोरा आला आणि नेच्याला दरसाल तीन-चार पानें फुटलीं. विद्यार्थिमित्रहो, हा आंकडा नीट ध्यानांत घ्या. वर्षाला तीन-चार पानें! आपल्यापैकीं कोणी अशा बागेला बाग तरी म्हणाला असता काय? परंतु या पानांनीं आपल्याला अतिशय आनंद झाला असें त्या वृद्धिंगत कीर्तीच्या डॉक्टरांनीं स्वतः लिहून ठेवलें आहे. ज्यानें अंगणांतील प्रत्येक झाड मरतांना पाहिलें आहे त्याला एका जिवंत पानाची किंमत समजते. शिवाय तें पान कसें वांचलें याचें कारण त्यांच्या डोळ्यांसमोर दिसत होतें, आणि माझ्या मतें त्यांच्या आनंदाचा मोठा वांटा या दुसऱ्या गोष्टीचा होता.

या बाटलीपासून पुढें काय काय झालें तें थोडक्यांत सांगतों. वॉर्ड यांनीं लांकडी चौकटींत कांचा बसवून मोठ्या पेट्या करविल्या. १८३३ सालीं अशा दोन पेट्या नेचे व गवतें भरून सिडनीस जाणाऱ्या जहाजाच्या डेकावर ठेविल्या. महिनोगणती प्रवास करून तीं झाडें सुखरूप पोंचलीं. १८३४ च्या फेब्रुवारींत त्याच पेट्यांत ऑस्ट्रेलियाचीं झाडें भरून परत पाठविलीं. वाटेंत केप हॉर्नपाशीं बर्फ पडलें, विषुववृत्तावर कडाका उन्हाचा होता, आणि साऱ्या प्रवासांत त्यांना कोणी एकदांही पाणी घातलें नाहीं. तरी तीं लंडनास टवटवीत उतरलीं. तोंवर समुद्रावरून जिवंत रोपें नेणें म्हणजे खाऱ्या वाऱ्याला बळी देणेंच असे. १८४८ ते १८५१ या काळांत रॉबर्ट फॉर्च्यून यांनीं चीनमधून चहाचीं रोपें हिमालयाच्या पायथ्याकडील बागांसाठीं आणलीं तीं अशाच पेट्यांतून. चहाचें बीं लौकर निर्जीव होतें म्हणून त्यांनीं तें पेटींतील मातींतच पेरून टाकलें होतें व तें वाटेंतच उगवलें. सकाळच्या चहाच्या पेल्याशीं त्या बाटलीचें एवढें नातें आहे. मात्र या पेट्यांतील मातीबरोबर किडी व रोगही देशोदेशीं गेले हेंही सांगितलें पाहिजे. म्हणूनच आज मातीसकट झाडें परदेशांतून आणण्यावर बहुतेक देशांत निर्बंध आहेत.

वॉर्ड यांचें या विषयावरील पुस्तक १८४२ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत दाट वस्तींत राहणाऱ्या गरिबांच्या घरींही अशा पेट्या असाव्यात, असा त्यांचा आग्रह आहे. त्या काळीं इंग्लंडांत कांचेवर कर असे. तो १८४५ सालीं उठला व कांच स्वस्त झाली. आज आपण लोणच्याची रिकामी बरणी भंगारवाल्यास देऊन टाकतों, तेव्हां या गोष्टीची आठवण ठेवण्यासारखी आहे.

आतां शास्त्राकडे वळूं. कांचपेटी आंतून तापते ती कशी? पुष्कळ पुस्तकांत असें लिहिलेलें आढळतें कीं, सूर्यप्रकाश कांचेंतून आंत येतो, परंतु तापलेल्या मातीपासून निघणारे अदृश्य उष्णताकिरण कांच बाहेर जाऊं देत नाहीं, म्हणून आंत उष्णता कोंडते. यांत सत्य आहे, पण तें थोडें आहे. १९०९ सालीं अमेरिकेंतील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक आर. डब्ल्यू. वुड यांनीं दोन सारख्या पेट्या घेतल्या. एकीवर कांच बसविली व दुसरीवर सैंधवाचें पारदर्शक तावदान बसविलें. उपवासाला खातात तेंच हें सैंधव. उष्णताकिरण त्यांतून आरपार जातात. दोन्ही पेट्यांवर सारखेंच ऊन पडेल अशी व्यवस्था केल्यावर दोन्ही सुमारें ५५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापल्या आणि त्यांच्यांत जेमतेम एका अंशाचा फरक पडला. यावरून दिसून आलें कीं, पेटी तापण्याचें मुख्य कारण कोंडलेली हवा हें आहे. उघड्यावर तापलेली हवा हलकी होऊन वर निघून जाते व तिच्या जागीं थंड हवा येते. पेटींत तिला वाट नसते. (पृथ्वीच्या वातावरणाच्या तापण्याला 'हरितगृह परिणाम' म्हणतात, पण तेथील क्रिया वेगळी आहे. तेथें कार्बन डायऑक्साइड व बाष्प हे वायू उष्णताकिरण खरोखरच शोषून घेतात. नांव एक असलें म्हणून दोन गोष्टी एक होत नाहींत.)

या प्रयोगांत नव्या माळ्याला उपयोगी असा एक धडा आहे. कोंडलेल्या हवेनें पेटी तापते, तर हवेला वाट दिली कीं ती निवते. आणि तापलेली हवा वर चढते म्हणून ती वाट वरच्या अंगाला असावी. झांकण बोटभर सरकविणें ही एवढीशी क्रिया, पण सारें कांचघर त्या एका बोटावर चालतें.

इंग्लंडांत कांचघर बांधतात तें थंडीपासून बचाव व्हावा म्हणून. आपल्याकडे ऊन काय थोडें आहे कीं तें साठवून ठेवावें? पुस्तकांतील परदेशी सूचना जशाच्या तशा उचलून आपले नवे माळी पेटी भर उन्हांत ठेवतात आणि दोन प्रहरीं तिची भट्टी करून टाकतात. ५५ अंशांत कोवळें पान उकडून निघतें. तेव्हां आपल्याकडे बंद पेटीवर थेट ऊन कधींच पडतां कामा नये. उजेड भरपूर हवा, ऊन नको. वॉर्डसाहेबांसारखी उत्तरेची खिडकी उत्तम. तींतही एक मेख आहे. मुंबईस मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित् उत्तरेस गेलेला असतो, आणि त्या दिवसांत सकाळसंध्याकाळ उत्तरेच्या खिडकींतही ऊन शिरतें. तेवढे महिने पेटी हातभर आंत ओढून घ्यावी. आपल्याकडील शेतकरी मोठीं हरितगृहें उभारतात तीं निराळ्या हेतूनें. मावळांत तळेगांवच्या आसपास गुलाबासाठीं उभारलेलीं हरितगृहें कोणीही पाहून यावींत. त्यांवर कांचेऐवजीं प्लॅस्टिकचा कागद असतो आणि बाजू गुंडाळून वर करतां येतात. पावसाचा मारा, वारा व कीड यांपासून फुलाचें रक्षण करणें आणि ऊन बेतानें घेणें हें त्यांचें काम.

ज्यानें पूर्वीं कधीं झाड लावलें नाहीं त्यानें बरणीपासून प्रारंभ करावा. रुंद तोंडाची पांढरी बरणी घ्यावी. लोणच्याची असेल तर ती साबणाच्या गरम पाण्यानें दोनदां-तीनदां धुवावी, कारण मीठ उरलें तर मुळें जळतात. तळाला दोन बोटें बारीक खडी, तीवर लांकडी कोळशाचा थोडा चुरा, व वर चार बोटें पानांच्या कुजक्या खताची भुसभुशीत माती घालावी. मातींत खडीचा थर असला म्हणजे जास्तीचें पाणी मुळांपाशीं न तुंबतां खालीं उतरतें. झाड कोणतें लावावें? आपल्या ओल्या भिंतींवर व विहिरींच्या कांठीं उगवणारा हंसराज हा वॉर्डच्या नेच्याचा सोयराच आहे. पावसाळ्यांत आपल्याच वाड्याच्या भिंतीवरील एखादें लहान रोप मुळांसकट अलगद सोडवून घ्यावें, शेजारीं शेवाळाचा तळहाताएवढा तुकडा बसवावा, आणि मूठभर पाणी शिंपडून झांकण लावावें. रानांतून ओरबाडून आणूं नये. हंसराज रोपवाटिकेंतही मिळतो.

यापुढचें सर्व काम डोळ्यांचें आहे. सकाळीं कांचेवर विरळ दंव दिसावें व दुपारपर्यंत तें विरून जावें. म्हणजे पाणी बेताचें आहे. दिवसभर कांच धुकट राहिली तर पाणी अधिक झालें आहे, एक दिवस झांकण उघडें ठेवावें. दंव मुळींच आलें नाहीं तर दोन चमचे पाणी द्यावें. असा हिशेब दहा दिवसांत जमतो आणि मग महिनोन्महिने पाण्याचें नांव काढावें लागत नाहीं. भूगोलाच्या पुस्तकांत समुद्र, ढग व पाऊस यांचें जें चित्र असतें तें सारें या बरणींत घडतें. एक वही करून तींत रोज एक ओळ लिहावी: दंव किती, नवें पान कोणतें, त्याची गुंडाळी किती उलगडली. नेच्याचें पान घड्याळाच्या कमानीसारखें गुंडाळलेलें वर येतें व हळूहळू उलगडतें; तें उलगडतांना पाहावयाचें तर रोज पाहिलें पाहिजे. वॉर्डनें तीन-चार पानांवर चार वर्षें आनंदांत कशीं काढलीं, याचा उलगडाही त्या पानाबरोबर होतो.

बरणी साधली म्हणजे भाजीच्या रोपांकडे वळावें. येथें मात्र खरी कसोटी आहे. दसऱ्यानंतर, पावसाची ओल सरली म्हणजे, फळांच्या लांकडी खोक्यांत माती भरून टोमॅटो, वांगीं किंवा मिरची पेरावी व वर खिडकीचें जुनें तावदान ठेवावें. बीं आपल्या जाडीच्या दुपटीहून फार खोल जाऊं नये. टोमॅटो आठवड्याभरांत उगवतो. मिरची पंधरवडाही घेते, तिच्यावर रागावूं नये. देशावर, विशेषतः निफाडच्या बाजूस, हिंवाळ्याच्या रात्रीं पारा दहा अंशांच्या खालीं जातो. तेथें रात्रीं तावदान झांकून सकाळीं काढल्यास रोपांस खरोखरीच ऊब मिळते. कोंकणांत तावदानापेक्षां सावलीची जाळी अधिक कामाची. कोंब दिसूं लागले कीं कोठेंही दिवसा तावदान उचलून वारा खेळूं द्यावा.

कारण याच वेळीं तो प्रसंग येतो. रात्रीं ताठ उभीं असलेलीं चाळीस रोपें सकाळीं जमिनीशीं मोडून आडवीं पडलेलीं दिसतात. देठ मातीलगत पाणचट होऊन बारीक झालेला असतो. याला रोपमर म्हणतात. ओल्या मातींत वाढणाऱ्या बुरशीसारख्या सूक्ष्म जीवांचें हें काम असून, अति पाणी, दाट पेरणी व कोंडलेली हवा हीं त्यांस अनुकूल असतात. ज्या मुलानें पंधरा दिवस त्या खोक्यापुढें बसून काढले त्याला हा केवढा घाव असतो, हें मोठ्या माणसांस सहसा कळत नाहीं. कांच नसती तर दोष पावसाला, शेजाऱ्याच्या बकरीला किंवा दैवाला देतां आला असता. पेटींत येणारें पाणी, वारा व ऊन हीं सर्व आपल्याच हातून येतात. त्यामुळें मेलेलें रोप सरळ आपल्याकडे पाहतें. कित्येक मुलें येथेंच बाग सोडतात, आणि सोडतांना आपण निकामी आहों अशी समजूत मनाशीं घेऊन जातात.

पालकमंडळींस माझी विनंती या जागीं आहे. अशा सकाळीं "अभ्यास सोडून हे धंदे केलेस म्हणून असें झालें" हें वाक्य कृपा करून उच्चारूं नये. तसेंच दुसऱ्याच दिवशीं बाजारांतून तयार रोपें आणून खोका भरून देऊं नये. तें दयाळूपणाचें वाटतें, पण त्यानें मुलाचा हिशेब अर्धाच राहतो. त्याच्यासह वही उघडून मागील पांच दिवसांच्या ओळी वाचाव्या. पाणी किती वेळां घातलें? तावदान कोणत्या दिवशीं उघडलें नव्हतें? बहुधा कारण तेथेंच सांपडतें. कारण सांपडलें म्हणजे मुलाच्या चेहऱ्यावरचा भाव पाहावा. दुःख जात नाहीं, पण भीति जाते. मग जुनी माती टाकून द्यावी, खोका उन्हांत तीन दिवस वाळवावा, आणि या वेळीं चाळिसांऐवजीं बारा बिया अंतरानें पेराव्या.

समाधान या शब्दाचा पुष्कळदां आळसाशीं घोटाळा केला जातो. जें होईल तें होवो असें म्हणून हातावर हात ठेवणाऱ्याला आपण समाधानी म्हणतों. अरण गांवचे सावता माळी यांची परंपरेंत जी मूर्ति आहे ती तशी नाहीं. पंढरी जवळ असून ते मळ्यांतच रमले असें सांगतात, पण त्यांच्या हातीं खुरपें होतें. वॉर्डनेंही नुसतें पाहत बसून राहिलें नाहीं. बाटलीवरून पेटी, पेटीवरून जहाज असा त्यांचा उद्योग चालूच होता. मोठी बाग हवी ही इच्छा मनांतून काढून टाका असें मी सांगत नाहीं. बारा रोपें नीट ओळखणाऱ्याला पुढें बाराशें संभाळतां येतात. आणि न आलीं तरी त्या बारांचें सुख कांहीं उणें होत नाहीं.

टोमॅटोला फूल आलें म्हणजे आणखी एक गंमत करावयाची असते. बंद जागेंत वारा नाहीं व मधमाशी नाहीं. म्हणून सकाळीं दहाच्या सुमारास फुलाच्या घोसाला बोटानें हलकेंच टिचकी मारावी, म्हणजे परागकण खालीं झडून फळ धरतें. दिवसाची उष्णता ३५ अंशांच्या वर जाऊं लागली कीं फुलें गळतात. तो झाडाचा दोष समजूं नये. पानांखालीं पांढरी माशी किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास साबणाच्या सौम्य पाण्यांत भिजविलेल्या बोळ्यानें पुसून काढावे. पांच-सहा कुंड्यांच्या बागेंत हें दहा मिनिटांचें काम आहे, फवारणीचें औषध घरांत आणण्याचें कारण नाहीं.

राहतां राहिली मे महिन्याची सुटी. मामाच्या गांवीं जावयाचें असेल तेव्हां भाजीचीं रोपें शेजाऱ्यांच्या स्वाधीन करावीं व पाणी किती हें कागदावर लिहून द्यावें. तोंडी सांगितलेलें पाणी नेहमीं दुप्पट होतें. बरणीला कोणाची गरज नाहीं. ती खिडकीपासून दूर, उजेडाच्या जागीं ठेवावी. मात्र निघण्यापूर्वीं तिचें झांकण तपासावें. वॉर्ड यांच्या बाटलीचें झांकण पत्र्याचें होतें. ते परगांवीं गेले असतां तें गंजलें, पावसाचें पाणी आंत शिरलें आणि चार वर्षें वांचलेला नेचा व गवत दोन्ही मेलीं. आपल्या बरणीला कांचेचें किंवा प्लॅस्टिकचें झांकण बसवावें, आणि तें नसेल तर पत्र्याच्या झांकणाला आंतून मेण लावून घ्यावें.